वेलनेस ॲप घेतल्यावर विम्याचा हप्ता उतरतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चाकणजवळच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही एचआर सांभाळता, पटावर ६४० माणसं आहेत. गट आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाला विमा कंपनीने २८ टक्के वाढ मागितली. पाठोपाठ ब्रोकरने एक वेलनेस ॲप आणलं. त्यात पावलं मोजणं, ऑनलाइन योगवर्ग, आहारतज्ज्ञाशी चॅट, तब्येतीची प्रश्नावली असं सगळं आहे आणि त्याला माणशी वर्षाला ९०० रुपये पडतात. ‘एका रुपयामागे तीन रुपये वाचतात’ असं त्यांच्या सादरीकरणात लिहिलंय. मालकांनी तुम्हाला एकच विचारलं, पुढच्या वर्षी हप्ता कमी होईल याची हमी देता का? आणि तुम्ही अडकलात.

मी औद्योगिक आरोग्याची डॉक्टर आहे. बावीस वर्षं पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करते आहे. त्या अनुभवावरून सांगते, ही हमी देऊ नका. ॲप वाईट आहे म्हणून नव्हे. तुमच्या विम्याचा पैसा जिथून बाहेर जातो तिथे हे ॲप पोचतच नाही, म्हणून. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. हप्ता कसा आवरायचा हा एक, आणि माणसांची तब्येत कशी सांभाळायची हा दुसरा. ब्रोकर दोन्हींना एकच उत्तर देतोय. ते दोन्ही आधी वेगळे करू.

सुरुवात क्लेमच्या यादीपासून करा. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, गेल्या तीन वर्षांची यादी मागवा. नावं नकोत. वय, कर्मचारी की कुटुंबीय, आजार, दाखल झाल्याची तारीख आणि मंजूर रक्कम एवढं पुरे. यादी रकमेप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या तीस ओळी सावकाश वाचा. मी अशा याद्या अनेक एचआरवाल्यांबरोबर बसून वाचल्या आहेत, आणि वरच्या ओळी साधारण त्याच असतात. कुणाच्या वडिलांची बायपास, कुणाच्या आईचा गुडघा बदललेला, कर्करोगाची केमोथेरपी, महिनाभर आयसीयूत राहिलेलं कमी दिवसांचं बाळ, दुचाकीचा अपघात. खाली आलं की सिझेरियन, मोतीबिंदू, मूतखडा, अपेंडिक्स, आणि पावसाळ्यानंतरचा डेंग्यू. आता एक रंगीत पेन घ्या आणि स्वतःला विचारा, कर्मचाऱ्याने बारा महिने रोज आठ हजार पावलं चालली असती तर यातला कुठला क्लेम टळला असता? ज्या ओळीबद्दल मनापासून ‘हो’ वाटेल तिच्यावर खूण करा.

हिशेब जुळतो का तेही तिथेच कळेल. ६४० माणसांचे ९०० रुपयांप्रमाणे ५ लाख ७६ हजार होतात. एकाला तीन म्हणजे क्लेम १७ लाख २८ हजारांनी कमी व्हायला हवेत, आणि तेही याच वर्षी. खुणा केलेल्या ओळींची बेरीज तिथवर जाते का ते बघा. मी पाहिलेल्या एकाही यादीत ती गेली नाही.

तुमच्या पॉलिसीत आई-वडील आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या उत्तराचा मोठा भाग त्यावर अवलंबून आहे. आई-वडील असतील तर क्लेमच्या रकमेत त्यांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने पुष्कळ मोठा असतो. ॲप मात्र मुलाच्या फोनवर असतं. आई साताऱ्याजवळच्या गावी, तिच्या गुडघ्याला त्या ॲपची वार्ताही नसते.

शिवाय आपल्याकडचा गट विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देतो. बाहेरून केलेली तपासणी, रोजच्या गोळ्या, डॉक्टरची फी हे बहुतेक पॉलिसींत नसतं. त्यामुळे ॲपमुळे कुणाची साखर थोडी उतरली, ॲसिडिटी कमी झाली, तर फायदा त्याच्या खिशाला होईल, तब्येतीला होईल, पण क्लेमच्या यादीत तो दिसणार नाही. ज्या गोष्टी यादीत दिसतील, म्हणजे टळलेला हृदयविकाराचा झटका किंवा टळलेलं डायलिसिस, त्यांना वर्षं लागतात. हप्ता दर बारा महिन्यांनी ठरतो, आणि तोवर तो माणूस नोकरी बदलून गेलेलाही असतो.

आणखी एक गोष्ट मालकांना सांगायलाच हवी. तुमच्या ६४० पैकी ज्यांचं वेतन महिना २१ हजारांपर्यंत आहे ते ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत असतील. तिथे मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के, कायद्याने ठरलेला. कामगार रोज दहा किलोमीटर धावला तरी त्यात एका रुपयाचा फरक पडत नाही. म्हणजे या लोकांसाठी ॲप घेणार असाल तर ते निव्वळ त्यांच्या तब्येतीसाठी घ्या, बचतीच्या रकान्यात त्यांना धरू नका.

आता ते ‘एकाला तीन’ आलं कुठून? हे ब्रोकरने मनाने रचलेलं नाही, त्याला आधार आहे. २०१० साली हार्वर्डच्या कॅथरिन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वेलनेसवर खर्च केलेल्या दर डॉलरमागे वैद्यकीय खर्चात सुमारे ३.२७ डॉलर आणि गैरहजेरीत सुमारे २.७३ डॉलर वाचतात, असं त्यात निघालं. तो आकडा जगभर फिरला आणि आजही सादरीकरणांत फिरतोय. पण त्या आढाव्यातले बरेच अभ्यास भाग घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची तुलना करणारे होते. दुखणं नेमकं तिथेच होतं.

पुढे इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. माझ्या मते या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यायला हवा. अर्बाना-शॅम्पेनच्या त्या विद्यापीठातले ४,८३४ कर्मचारी घेतले आणि कुणाला कार्यक्रमात बोलवायचं ते सोडतीने ठरवलं. कार्यक्रम तुम्हाला दाखवलाय तसाच होता. आधी शारीरिक तपासणी, मग ऑनलाइन प्रश्नावली, मग वेगवेगळे उपक्रम, आणि भाग घेणाऱ्यांना पैशांचं बक्षीस. त्याचे निष्कर्ष २०१९ साली छापून आले. ज्यांना बोलावलं ते आणि ज्यांना नाही बोलावलं ते, या दोन गटांच्या वैद्यकीय खर्चात, सवयींत, कामाच्या उरकात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

पण खरी शिकवण पुढे आहे. त्याच संशोधकांनी तीच माहिती जुन्या पद्धतीनेही तपासून पाहिली. सोडत बाजूला ठेवली आणि बोलावलेल्यांपैकी जे आले त्यांची न आलेल्यांशी तुलना केली. लगेच कार्यक्रम यशस्वी दिसायला लागला. आलेल्यांचा खर्च कमी, व्यायाम जास्त. कारण काय? कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीपासूनच आलेल्या माणसांचा खर्च कमी होता आणि सवयी चांगल्या होत्या. जो आधीच सकाळी फिरायला जातो तोच ॲप उत्साहाने उघडतो. ‘आमचे ॲक्टिव्ह युजर्स इतरांपेक्षा इतके टक्के कमी क्लेम करतात’ असं वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं, तर त्यातून ॲप कोण वापरतं एवढंच कळतं. ॲपने काय केलं ते कळत नाही.

त्याच वर्षी दुसरा मोठा प्रयोग आला, बीजेज होलसेल क्लब या अमेरिकेतल्या घाऊक दुकानांच्या साखळीत. १६० ठिकाणं, जवळपास ३३ हजार कर्मचारी, आणि त्यातली २० ठिकाणं सोडतीने निवडून तिथे कार्यक्रम राबवला. दीड वर्षाने त्या ठिकाणचे लोक ‘आम्ही नियमित व्यायाम करतो, वजनावर लक्ष ठेवतो’ असं जास्त प्रमाणात सांगत होते. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन मोजल्यावर फरक नव्हता. वैद्यकीय खर्चात नव्हता, गैरहजेरीतही नव्हता. तीन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही चित्र तेच होतं. या प्रयोगाचे लेखक कोण? झिरुई साँग आणि कॅथरिन बेकर. २०१० च्या आढाव्यातल्या दोघांनी स्वतःच जास्त कडक पद्धतीने तपासलं आणि वेगळं उत्तर आलं तेही छापलं. मला याचं फार मोल वाटतं. आणि हा कार्यक्रम नुसता ऑनलाइन नव्हता, त्यात आहारतज्ज्ञ प्रत्यक्ष येऊन शिकवत होते. म्हणजे दोष एकट्या ॲपचा नाही. सरसकट सगळ्यांना ‘चाला, भाज्या खा, ताण घेऊ नका’ सांगून वर्ष-दोन वर्षांत खर्च उतरेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

तिसरा अभ्यास पेप्सिकोचा, २०१४ चा, सात वर्षांच्या माहितीवरचा. तो सोडतीचा नव्हता, त्यामुळे त्याला थोडं कमी वजन देते. पण त्याने कार्यक्रमाचे दोन भाग वेगळे मोजले. ज्यांना आधीच मधुमेह, हृदयरोग असे आजार होते त्यांच्या देखभालीवर घातलेल्या दर डॉलरमागे सुमारे ३.८० डॉलर वाचले. निरोगी लोकांच्या जीवनशैलीवर घातलेल्या डॉलरमागे अर्धा डॉलरच परत आला. माझा कारखान्यातला अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

हे तिन्ही अभ्यास अमेरिकेतले आहेत हे विसरू नका. तिथल्या बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचा वैद्यकीय खर्च स्वतःच्या तिजोरीतून देतात, विमा कंपनी फक्त व्यवहार सांभाळते. तिथे डॉक्टरची साधी भेटही त्या खर्चात येते. म्हणजे बचत झालीच तर ती मालकाला दिसण्याची शक्यता तिथे आपल्यापेक्षा जास्त, आणि तरीही सोडतीच्या प्रयोगांत ती दिसली नाही.

इथे एक सापळा आहे तो दाखवते, कारण पुढच्या वर्षी तुम्ही त्यात अडकण्याची शक्यता आहे. एखाद्या वर्षी दोन बायपास, एक कर्करोग आणि आयसीयूतलं बाळ असं सगळं एकदम आलं की हप्ता चढतो. पुढच्या वर्षी तेवढं सगळं पुन्हा एकदम येण्याचा संभव कमी, त्यामुळे काहीही न करता क्लेम उतरतात. वाईट वर्षानंतर साधारण वर्ष येणारच. पण मधल्या काळात ॲप घेतलेलं असलं तर श्रेय ॲपला जातं, दुसऱ्या वर्षाचं कंत्राट होतं, आणि तिसऱ्या वर्षी क्लेम पुन्हा चढले की सगळे बुचकळ्यात पडतात. तुमची २८ टक्के वाढ दोन-चार मोठ्या क्लेममुळे आहे की सगळीकडून थोडी थोडी, हे तीन वर्षांची यादी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. हप्ता ठरताना आलेले क्लेम धरतात, घडलेले पण अजून न पोचलेले क्लेम अंदाजाने धरतात, रुग्णालयांची दरवाढ धरतात आणि वर विमा कंपनीचा खर्च-नफा. यातलं काहीच ॲपच्या हातात नाही.

मग काय करायचं? इथून पुढचं मी पुस्तकातून नव्हे, एका फाईलमुळे शिकले.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात आठवड्यातून तीन दिवस जात असे. तिथल्या प्रेस शॉपचे एक सुपरवायझर, वय सत्तेचाळीस, दुसऱ्या पाळीत जिन्याजवळ कोसळले. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांची फाईल काढली. रबर लावून ठेवलेली फाईल, आत तीन वर्षांचे वार्षिक तपासणीचे अहवाल स्टेपल केलेले. पहिल्या वर्षी रक्तदाब १६४/१०२. दुसऱ्या वर्षी १७०/१०४. तिसऱ्या वर्षी १७२/११०. तिन्हींवर तोच शिक्का: ‘उच्च रक्तदाब. आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ तिसऱ्या अहवालाच्या शिक्क्याखाली माझी सही होती.

तपासणी चोख झाली होती. अहवाल बंद पाकिटात त्यांच्या हातात दिला होता. कागदोपत्री कुणाचीच चूक नव्हती. पण तीन वर्षांत एकाही माणसाने त्यांना ‘गोळी चालू केलीत का?’ एवढं विचारलं नव्हतं. मीही नाही.

त्याच आठवड्यात मी एक दोनशे पानी वही घातली. ज्यांचा रक्तदाब किंवा साखर वाढलेली आहे अशा प्रत्येकाचं नाव, खातं, पाळी, फोन, आजचा आकडा, पुढे यायची तारीख, आणि शेवटी एक रकाना: आला की नाही आला. नाही आला तर तिसऱ्या दिवशी नर्स फोन करणार. एवढंच. आजही जिथे जाते तिथे पहिलं काम हेच करते, आता ते संगणकावर असतं एवढाच फरक.

वहीने मला पुष्कळ शिकवलं. लोक का येत नाहीत ते मला तोवर माहीतच नव्हतं. आमचा दवाखाना नऊ ते पाच उघडा असे. दुसऱ्या पाळीचा माणूस तीनला येतो आणि थेट मशीनवर जातो. पहिल्या पाळीच्या माणसाची बस सुटीनंतर दहा मिनिटांत सुटते, आणि ती चुकली तर राजगुरुनगरला पोचायला त्याला दीड तास. दवाखाना होता, पण त्या माणसासाठी तो कायम बंदच होता. आम्ही तपासणीची वेळ पाळी बदलायच्या आधीच्या पाऊण तासावर आणली आणि सुपरवायझरांना सांगून ठेवलं, यादीतल्या माणसाला दहा मिनिटं सोडायचं. येणाऱ्यांची संख्या तेवढ्याने वाढली.

गोळ्या मध्येच सोडण्याची कारणंही वहीतच सापडली. ‘आता बरं वाटतंय.’ ‘एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही म्हणतात.’ ‘गावी गेलो, गोळ्या संपल्या, मग राहूनच गेलं.’ ‘बायको म्हणाली रोज गोळी घेणारा म्हणजे आजारी माणूस.’ यातल्या प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं, समोर बसवून, त्याच्या भाषेत. रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच तो घात करतो, हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. ॲपवर येणारी ‘तुमच्या हृदयाची काळजी घ्या’ ही सूचना तो माणूस अंगठ्याने बाजूला सारतो. दवाखान्यातली सिस्टर ‘काका, मंगळवारी आला नाहीत’ म्हणाली की तो येतो.

हे फक्त माझ्या वहीपुरतं नाही. आपल्या देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला त्याच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याची रीत अशीच आहे: ठरलेल्या साध्या गोळ्या, महिन्याचा पुरवठा एकदम, आणि कोण परत आला नाही याचा पाठपुरावा. त्यातही ॲप वापरलं जातं, पण ते नर्सच्या हातात. आज कोणाला फोन करायचा ते तिला दाखवतं. तुम्हाला ॲपच घ्यायचं असेल तर मी असं ॲप घेईन.

आता तुमच्याकडचे आकडे अंदाजाने बघा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख आणि उच्च रक्तदाब ३५.५ टक्के प्रौढांना, असं निघालं. तुमच्याकडे माणसं तरुण असतील तर प्रमाण कमी येईल, पण तपासलंत तर शंभराच्या पुढे नावं सहज निघतील असं मला वाटतं. ५ लाख ७६ हजारांत एका नर्सचा वर्षाचा पगार साधारण बसतो, आणि या आजारांच्या जेनेरिक गोळ्या स्वस्त असल्यामुळे त्यांचाही बराचसा खर्च निघतो. तोच पैसा ६४० फोनांवर पसरवण्याऐवजी या शे-सव्वाशे माणसांवर लावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याने हप्ता उतरेल का? प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्या वर्षी क्लेम थोडे वाढूही शकतात. मनापासून शोधायला लागलं की लपलेले आजार सापडतात, कुणाची अँजिओग्राफी निघते, कुणाला स्टेंट पडतो. मालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वर्षाअखेरीस ‘तुमच्यामुळे खर्च वाढला’ हे ऐकावं लागेल. अशा वेळी वाढलेला क्लेम म्हणजे वेळेवर सापडलेला माणूस असतो.

कॅन्टीनबद्दल थोडक्यात. महिन्याला तेलाचे किती डबे लागतात ते लिहा आणि महिन्यात किती ताटं वाढली त्याने भागा. मिठाच्या पिशव्यांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. एका जेवणातच तेवढं जात असेल तर ऑनलाइन आहारतज्ज्ञ काय करणार? टेबलावरची मिठाची वाटी उचलून काउंटरवर ठेवणं फुकट आहे. चहात साखर आधी घालायची नाही, वेगळी ठेवायची, हेही फुकट आहे.

ऑनलाइन गोष्टी कुठेच उपयोगाच्या नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. तुमची विक्रीची माणसं नागपूर, इंदूर, कोइमतूरला विखुरलेली असतील तर त्यांना माझ्या दवाखान्याचा काय उपयोग? त्यांच्यासाठी व्हिडिओवर डॉक्टर आणि घरपोच रक्ततपासणी चांगली. हिंजवडीच्या आयटी कंपनीत, जिथे सगळे दिवसभर पडद्यासमोर असतात, तिथेही ॲप उपयोगी पडतं. मानसिक तणावाबद्दल बोलायला तर कित्येकांना समोरासमोरपेक्षा फोन सोपा वाटतो, कारण कारखान्यातल्या समुपदेशकाच्या खोलीत जाताना चार जण बघतात. त्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक लॉकर रूममध्ये आणि बसमध्ये लावा, त्याला कंत्राट लागत नाही.

पण शॉप फ्लोअरवर पावलं मोजण्याचं काय होतं ते पाहिलंय. मशीनवर फोन न्यायला बंदी, फोन लॉकरमध्ये. आठ तास उभं राहून, ट्रॉली ढकलून घामाघूम झालेल्या माणसाच्या खात्यात संध्याकाळी तीनशे पावलं. ॲपच्या लेखी तो दिवसभर बसून होता. आणि स्पर्धेचं बक्षीस ऑफिसातल्या, आधीच पळणाऱ्या मुलाला. त्या कामगाराचा चेहरा मला आठवतो. त्याच्या कष्टाचा तो अपमान होता. कंत्राटी कामगारांना तर त्या ॲपमध्ये घेतलंच नव्हतं, आणि रात्रपाळ्या जास्त तेच करत होते.

गोपनीयतेकडे तुम्ही स्वतः लक्ष द्या, ते ब्रोकरवर सोडू नका. प्रश्नावलीत दारू, झोप, नैराश्य, मासिक पाळीचे त्रास, सगळं विचारलेलं असतं. ‘कंपनीला फक्त एकत्रित माहिती मिळेल’ असं सांगतात. पण तुमच्या टूल रूममध्ये अकरा माणसं असतील आणि त्यात पन्नाशीपुढची बाई एकच असेल, तर खातं आणि वयोगट दाखवणारा तक्ता म्हणजे तिचं नावच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली हवी असं म्हटलंय. साहेबांनी रांगेत उभं करून ॲप डाउनलोड करायला लावलं तर ती मोकळी संमती कशी? माझ्यासमोर एका ऑपरेटरने प्रश्नावलीत साखर ‘नाही’ लिहिली. त्याची गोळी मीच देत होते. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, कायम व्हायचंय अजून.” अशा माहितीवर काढलेल्या अहवालाला काय अर्थ राहणार?

तरीही मालकांना ॲप हवंच असेल, तर ब्रोकरला काही गोष्टी लेखी विचारा. बचतीचा आकडा सोडतीने केलेल्या तुलनेतून आलाय की वापरणाऱ्यांच्या आणि न वापरणाऱ्यांच्या? सहा महिन्यांनी किती टक्के लोक ॲप उघडत राहतात? मराठीत आहे का, आणि ते मराठी वाचून कळतं का? कंत्राट संपल्यावर माहिती कोणाकडे राहणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निम्मी फी निकालावर ठेवायला तयार आहात का? निकाल म्हणजे डाउनलोडची संख्या नव्हे. रक्तदाब वाढलेल्यांपैकी वर्षाअखेरीस किती जणांचा १४०/९० च्या खाली आला, आणि तो मोजणारी सिस्टर तुमची. या शेवटच्या अटीवर बैठकीतला सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

तुमचे दोन प्लांट असतील तर आणखी चांगलं. चिठ्ठी टाकून एकाच प्लांटमध्ये वर्षभर सुरू करा, दुसऱ्यात पुढच्या वर्षी. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की दुसऱ्याच्या सादरीकरणावर विसंबावं लागणार नाही.

हप्त्यापुरतं बोलायचं तर त्याचे उपाय विम्याच्या टेबलावरच आहेत. दोन-तीन विमा कंपन्यांकडून दर मागवणं, खोलीभाड्याची मर्यादा, मोतीबिंदू-प्रसूतीसारख्या ठरावीक गोष्टींना रकमेची मर्यादा, आई-वडिलांसाठी वेगळी पॉलिसी. यातला प्रत्येक उपाय कुणाच्या तरी खिशातून जातो, कर्मचाऱ्याच्या किंवा कंपनीच्या, आणि तो कामगारांच्या प्रतिनिधींना समोर बसवून, उघडपणे ठरवायला हवा. मी स्वतः आई-वडिलांना काढण्याच्या विरुद्ध आहे. चाळीशीतल्या कामगाराला आईच्या आजारपणात खासगी सावकाराकडे जावं लागलं की त्याची स्वतःची गोळीही बंद होते, हे मी वहीत पाहिलंय.

आई-वडील पॉलिसीत आहेत का ते कळवा. यादी हातात आली की वरच्या दहा ओळी नावं-खाती काढून इथे लिहा, म्हणजे नूतनीकरणाच्या बैठकीआधी त्या बघून देते.